जीपगाडीची कुळकथा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणाला आरोग्य, पाकशास्त्र नाही तर एखादे संतचरित्र असा विषय असावा, अशी आपल्याकडे रीत आहे. यंदा मी मोटारीवर बोलणार असे सांगितले, तेव्हा चिटणीसबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि एकदा कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले. तरी त्यांनी विषय जसाच्या तसा छापला, याबद्दल त्यांचे आभार मानून सुरुवात करते.

विषय आहे जीपगाडी. इतक्या मोटारी असताना जीपच का, याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, ती आपल्याच रस्त्यावरची आहे. अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तरी आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याला आपण नगर रस्ताच म्हणतो. त्या रस्त्याने लोणीकंद, कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर अशी गावे मागे टाकीत सुमारे ३५ किलोमीटर गेले की रांजणगाव येते. आपण महागणपतीच्या दर्शनाला तेथे नेहमी जातो. त्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २०१७ पासून जीप कंपनीच्या गाड्या तयार होत आहेत. अमेरिकेत जन्मलेले हे नाव आपल्या इतक्या जवळ येऊन राहिले आहे, तर शेजाऱ्याची चौकशी करावी तशी त्याची चौकशी करावी, असे मनात आले. दुसरे कारण घरचे आहे. ते ओघात येईल.

जीपचा जन्म लढाईतला. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकेच्या लष्कराने तेथील १३५ कारखान्यांना कळविले, की आम्हाला एक हलकी, चारही चाकांनी जोर लावणारी, खड्ड्याखाचरांतून जाणारी गाडी हवी आहे, आणि तिचा नमुना ४९ दिवसांत हजर करावयाचा आहे. युरोपात युद्ध पेटलेले होते, त्यामुळे घाई होती. एवढ्या थोड्या मुदतीत गाडी करून देणे कोणाला परवडणार? दोनच कारखान्यांनी उत्तर दिले. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियातील बटलर गावचा बँटम हा कारखाना अगदी लहान होता, आणि कर्जात बुडालेला होता. त्यांच्याकडे धड आराखडा काढणारा इंजिनिअरही नव्हता. त्यांनी कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या गृहस्थांना बोलावून आणले. प्रॉब्स्ट यांनी दोन दिवसांत संपूर्ण गाडीचा आराखडा कागदावर उतरविला. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधील लष्कराच्या छावणीत पोहोचली, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता असे सांगतात.

आता न्याय असा असता, तर बँटमचे दैव उघडावयास हवे होते. लष्कराला गाडी पसंत पडली. पण एवढ्याशा कारखान्याला हजारो गाड्या कशा जमणार, अशी शंका आली. म्हणून तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांना दाखविण्यात आले. विलीजचे इंजिन साठ अश्वशक्तीचे, सर्वांत जोरकस. पण त्यांची गाडी ठरलेल्या वजनापेक्षा जड भरली. तेव्हा त्यांचे मुख्य इंजिनिअर बार्नी रूस यांनी गाडी सुटी करून एकेक तुकडा तोलला, बोल्टांची जादा टोके छाटली आणि रंगाचाही एकच पातळ हात दिला. परगावी जाताना पिशवीत काय ठेवावे आणि काय काढावे याचा विचार आपण करतो, त्याच जातीचे हे काम. शेवटी विलीजला मोठे कंत्राट मिळाले, पाठोपाठ फोर्डला मिळाले, आणि या दोघांनी युद्धाच्या काळात मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. बँटमच्या वाट्याला उरले ते जीपच्या मागे जोडावयाचे ट्रेलर. पहिली मूस ज्यांनी पाडली त्यांचे नाव आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. मला हा भाग वाचताना फार चुटपुट लागली.

नाव कसे पडले याविषयी एकमत नाही. कोणी म्हणतात, इंग्रजी जी आणि पी या आद्याक्षरांवरून पडले. कोणी म्हणतात, पॉपायच्या चित्रकथेत १९३६ साली ‘यूजीन द जीप’ नावाचा एक चमत्कारी प्राणी आला, तो वाटेल तेथून आरपार जाई, त्यावरून शिपायांनी ठेवले. परंतु हे नाव देशभर गेले ते एका बाईच्या लेखणीने, हे या सभेत सांगितलेच पाहिजे. १९४१ च्या प्रारंभी विलीजच्या चालकाने वॉशिंग्टन येथे संसदभवनाच्या पायऱ्यांवर गाडी चढवून दाखविली. बातमी घेण्यास कॅथरीन हिलयर या वार्ताहर आल्या होत्या. या गाडीला म्हणतात तरी काय, असे विचारल्यावर चालकाने ‘जीप’ असे उत्तर दिले. हिलयरबाईंनी तेच नाव वृत्तपत्रात छापले आणि ते लोकांच्या तोंडी बसले.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी हीच गाडी काढली. समोरच्या जाळीला युद्धकाळात नऊ उभ्या फटी होत्या, त्या या गाडीत सात झाल्या. आजही रस्त्यावर जीप कंपनीची गाडी दिसली की मुलांना त्या फटी मोजावयास सांगा, सातच भरतील. पुढे मात्र या नावाने घरे फार बदलली. १९५३ मध्ये ते कायझरकडे गेले, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायसलरकडे. क्रायसलर आधी जर्मन डेम्लरच्या आणि मग इटालियन फियाटच्या घरात गेली, आणि २०२१ पासून हे सगळे स्टेलांटिस नावाच्या कंपनीत आहे; तिचे कार्यालय नेदरलँड्समध्ये. एका जन्मात इतकी सासरे पाहिलेली दुसरी मोटार मला तरी माहीत नाही.

आपल्या देशात ती आली मुंबईच्या वाटेने. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्र झाले. विलीजच्या जीपचे सुटे भाग १९४७ पासून पेट्यांतून येऊ लागले, आणि १९४९ मध्ये माझगाव येथे ते जोडून जीप उभी करण्याचे काम सुरू झाले. हळूहळू एकेक भाग येथेच होऊ लागला. जीपमुळे त्याच सुमारास एक बदनामीही झाली. १९४८ मध्ये लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी केलेल्या जीपखरेदीवरून संसदेत वादळ झाले. ‘जीप प्रकरण’ म्हणून ते गाजले आणि सरकारने १९५५ मध्ये ते मिटविले. त्याच गाडीने पुढे इज्जतही राखली. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या रणात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे फोडले आणि तेथेच ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रणगाडेही अमेरिकन घडणीचे होते.

खेड्यात जीप पोहोचली ती सरकारच्या हाताने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या दिमतीला जीप आली. माझ्या पिढीतल्या बायकांना आठवत असेल, गावात जीपचा आवाज आला की पोरे धावत आणि बाया पदर सावरून दाराआड होत. जीप म्हणजे साहेब, जीप म्हणजे वसुली, जीप म्हणजे निवडणूक. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया मात्र जीपची वाट पाहत, कारण हजेरी आणि पगार करणारी माणसे त्यातून येत. काहीही असो, जीप दुसऱ्याची असे. आपण ती बघावयाची.

आता घरचे कारण सांगते. मी १९७४ साली या गावात सून म्हणून आले, तेव्हा आमच्या वाड्यात एक जीप होती. मामंजींनी ती १९६३ च्या सुमारास लष्कराच्या लिलावातून आलेली घेतली होती. युद्धकाळातली अमेरिकन गाडी, म्हणून स्टेअरिंग डाव्या हाताला. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली. पेट्रोल भरावयाचे तर चालकाने उतरून गादी उचलावयाची. स्टार्टर पायाने दाबावयाचा, आणि थंडीत तो रुसला तर पुढून हँडल मारावयाचे. दारे नाहीतच. पावसात वरच्या ताडपत्रीचा उपयोग एवढाच, की पाणी डोक्याऐवजी मांडीवर पडे. पण मामंजी तिच्यावर जीव टाकीत. तिचे पाटे तुटले की बैलगाडीची धाव बसविणारा लोहारच ते भट्टीत तापवून, पाणी देऊन सरळ करी. प्लग, पॉइंट, कार्बुरेटर हे सगळे मामंजी अंगणात पोत्यावर मांडून स्वतः साफ करीत. एकदा शहरातल्या एका गॅरेजात गाडी दोन दिवस ठेवली, तर चांगला कार्बुरेटर जाऊन त्या जागी कोणाचा तरी झिजलेला आला. तेव्हापासून गाडी गॅरेजात असेल तर घरचे माणूस तेथे स्टूल टाकून बसे.

१९७३ नंतर पेट्रोल महागले. गावोगावचे जीपवाले पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवू लागले. मामंजींना ते पटेना, म्हणून आमची जीप चालविण्यापेक्षा उभीच जास्त असे. १९७६ च्या श्रावणात एका सोमवारी घरातले सगळे पुरुष भुलेश्वराला गेले, आणि पेट्रोल वाचावे म्हणून एस्टीने गेले. दुपारी थोरल्या जाऊबाईंना दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. सुईणीने पाहिले आणि म्हणाली, हे माझ्या हातचे नाही, पुण्याला न्या. जीप अंगणात उभी होती. टाकीत पेट्रोल होते. किल्ली देवघराच्या चौकटीवर खिळ्याला होती. घरात आम्ही चार बायका, आणि चौघींपैकी एकीलाही ती गाडी चालविता येत नव्हती. गड्याने बैलगाडी जुंपली. नगर रस्त्यापर्यंत चिखलातून जाण्यास पाऊण तास लागला. तेथे खडीचा एक ट्रक थांबला, त्या भल्या माणसाने पुढच्या बाकावर जाऊबाईंना घेतले. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. जाऊबाई वाचल्या. मूल वाचले नाही. मुलगा होता.

मामंजी रात्री आले. त्यांनी काही विचारले नाही, अंगणात जीपजवळ बराच वेळ उभे राहिले. दिवाळीच्या आधी बाजरी निघाली आणि रान मोकळे झाले, तेव्हा एका सकाळी त्यांनी आम्हा सुनांना रानात बोलाविले. सासूबाई म्हणाल्या, गाव काय म्हणेल? ते म्हणाले, गाव त्या दिवशी काही म्हणाले का? मग एकेकीला त्यांनी गाडीवर बसविले. सगळ्यांत आधी बसल्या थोरल्या जाऊबाई.

क्लच इतका जड, की दोन्ही पायांनी दाबावासा वाटे. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याखेरीज पडत नसे. जबरीने टाकला की आतून दात करकरत आणि मामंजी कपाळावर हात मारीत. लुगड्याचा काठ पायात येई. बांधावर निम्मा गाव जमे, आणि पहिले चार दिवस चांगलीच करमणूक झाली. पाचव्या दिवशी लोक कंटाळून आपापल्या कामाला गेले. पंधरा दिवसांत मला गाडी सरळ नेता येऊ लागली. उलटी घेण्यास महिना लागला. पुढे परवाना काढला. जाऊबाईंनी त्या जीपमधून गावातल्या किती बाया दवाखान्यात नेल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. रात्री-अपरात्री कोणी कडी वाजविली तर आमच्याकडे पुरुषांआधी त्यांना हाक मारीत. १९८४ मध्ये गाडी एका खडीवाल्याला विकली, तेव्हा मामंजींच्या डोळ्यांत पाणी आले. जाऊबाई मात्र म्हणाल्या, पुढची घ्याल ती उजव्या हाताची घ्या.

त्यानंतर जीपचा दुसरा अवतार आला, तो भाड्याच्या गाडीचा. महिंद्राची लांब जीप असो की ट्रॅक्स, आपण सगळ्यांना जीपच म्हणत आलो, आणि तिच्या धंद्याला वडाप. दहाच्या जागी अठरा माणसे, दोन पाट्या भाजी आणि एक कोंबडी, असा तो प्रवास असे. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण एस्टी चुकली तर शाळा चुकणाऱ्या मुलींना, बाजारला जाणाऱ्या माळणींना त्याच वडापने पोहोचविले, हे मी विसरत नाही. गुडघ्यांचे जे झाले ते झाले.

गंमत पुढेच आहे. ज्या महिंद्रांनी विलीजची जीप येथे वाढविली, त्यांनी तिच्याच वळणाची रॉक्सर नावाची गाडी २०१८ मध्ये अमेरिकेत काढली. तेव्हा जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे फियाट क्रायसलरने, हिचा तोंडवळा आमच्या गाडीचा आहे अशी तक्रार केली. २०२० मध्ये तेथील व्यापार आयोगाने ती मानली, आणि महिंद्रांना गाडीचे रूप बदलावे लागले. सत्तर वर्षे सांभाळलेल्या भाचीला मामाने ओळख नाकारावी, तसे मला वाटले. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे बरोबर असेल.

आणि मूळ घराण्याची जीप आली ती रांजणगावला. तेथे फियाट आणि टाटा यांचा भागीदारीतला कारखाना २००८ पासून चालू होता. २०१६ मध्ये जीपचे नाव भारतात अधिकृतपणे आले. १ जून २०१७ रोजी रांजणगावहून पहिली ‘कंपास’ बाहेर पडली, आणि जुलैअखेर ती विक्रीला आली तेव्हा सुरुवातीची किंमत १४ लाख ९५ हजार होती. उजव्या हाताच्या स्टेअरिंगच्या गाड्या येथूनच जपान, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला जाऊ लागल्या. २०२१ मध्ये ‘रँग्लर’ येथे जोडू लागले, आणि २०२२ मध्ये ‘मेरिडियन’ आली. शिरूर तालुक्यातली किती तरी मुले, आणि मुलीही, तेथे कामाला लागल्या.

आपल्या सोसायट्यांतून दोन-तीन घरी कंपास आहे. त्या भगिनींना मी मुद्दाम विचारले. एक म्हणाल्या, दार लावले की तिजोरी लावल्यासारखा आवाज येतो आणि मोठ्या रस्त्यावर गाडी हलत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, घाटात मुलांना उलट्या होत नाहीत, हेच मला पुष्कळ. तिसऱ्या बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, गाडी माझ्या नावावर आहे, पण मी चालवीत नाही, हप्ता मात्र माझ्या पगारातून जातो. हे ऐकून मला देवघराच्या चौकटीवरची किल्ली आठवली.

हप्त्याचा विषय निघाला म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. वाघोली ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेली, त्याआधीपासूनच येथे जमिनीला भाव आला आणि दारोदार मोठ्या गाड्या उभ्या राहिल्या. दहा लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी काढले आणि व्याज ९ टक्के धरले, तर महिन्याला सुमारे १६ हजार रुपये हप्ता बसतो, आणि सात वर्षांत साडेतीन लाख रुपये व्याजाचेच जातात. त्यावर विमा, डिझेल, टायर, वर्षाची सर्व्हिसिंग. शोरूममध्ये गाडीचा रंग विचारण्याआधी सर्व्हिसिंगचा खर्च आणि सर्वांत जवळचे वर्कशॉप कोठे आहे ते विचारावे. परदेशी नावाच्या गाडीबाबत आणखी एक चौकशी करावी, ती म्हणजे कंपनी येथे टिकून आहे काय. आपल्या जिल्ह्यातच तळेगावला २००८ मध्ये शेवरोलेचा कारखाना निघाला. २०१७ अखेर शेवरोलेने भारतातील विक्री थांबविली. फोर्डने २०२१ मध्ये येथील कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. सुटे भाग व सर्व्हिसिंग चालू राहील असे दोघांनीही सांगितले होते. पण जुनी गाडी विकावयास काढली की गिऱ्हाईक काय भाव करते, ते त्या गाड्यांच्या मालकांना विचारा.

राहिला परवाना. अठरा वर्षे पूर्ण झाली की मोटारीचा शिकाऊ परवाना मिळतो. तो सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. वरच्या वयाची अडचण मनात आणू नये. डोळे मात्र तपासून घ्यावेत.

चिटणीसबाईंशी माझे बोलणे झाले आहे. ज्यांच्या दारात गाडी आहे आणि हातात नाही, अशा भगिनींनी आपली नावे आज जाताना त्यांच्या वहीत लिहून द्यावीत. आधी शिकाऊ परवाने काढू, आणि संक्रांतीचे हळदीकुंकू आटोपल्यावर दर रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर जमू. माझी गाडी साधी आहे आणि तिला पुढे सात फटी नाहीत, पण स्टेअरिंग उजव्या हाताला आहे. साडी नेसून येणारणींनी काठ खोचून यावे.